गाडी लॉक करतानाचा 'टीव टीव' आवाज बंद कसा करायचा, सगळ्या पद्धती सविस्तर

रात्री साडेअकरा-बाराला घरी येणारी माणसं आता प्रत्येक सोसायटीत आहेत, आयटीवाले, हॉस्पिटलमधले, हॉटेल लाइनमधले, कोणालातरी एअरपोर्टला सोडून आलेले, आणि बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये गाडी लॉक केली की तो आवाज स्लॅबला आपटून सरळ पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या बेडरूममध्ये शिरतो. वर कोणाकडे तान्हं बाळ नुकतंच झोपलेलं असतं, कोणाकडे ऑपरेशन होऊन घरी आलेले आजोबा असतात. खूप जणांना वाटतं की हा आवाज कंपनीने दिलाय म्हणजे तो असाच राहणार, पण तसं नाहीये, बहुतेक गाड्यांत तो बंद करता येतो किंवा निदान कमी तरी करता येतो, आणि निम्म्या केसेसमध्ये एक रुपयाही लागत नाही.

कायद्याचंही सांगून ठेवतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ धरली जाते, रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर रहिवासी भागात रात्री हॉर्न वाजवायलाच बंदी आहे, फक्त आणीबाणीची सूट आहे. त्यामुळे सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय कोणी काढला तर त्याला गप्प बसवू नका, त्याचं म्हणणं बरोबर आहे.

आधी शोधा, आवाज येतोय कुठून

हीच सगळ्यात महत्त्वाची स्टेप आहे आणि हीच लोक गाळतात. यूट्यूबवर कोणाचातरी व्हिडिओ बघायचा, आपल्या गाडीत तसं बटणच नसतं, मग वैतागून अॅक्सेसरीवाल्याकडे जायचं आणि तो थेट वायर कापून देतो, असं चालतं. तर असं करू नका. लॉकचा आवाज तीन ठिकाणांहून येऊ शकतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिलं म्हणजे गाडीचा मेन हॉर्न. आवाज छोटा असतो पण आपला नेहमीचा 'पीं' लगेच ओळखू येतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत हे जास्त असतं. दुसरं म्हणजे कंपनीने बसवलेला छोटा बझर, हा 'पिप' असा बारीक आवाज करतो, पुश बटण स्टार्टवाल्या गाडीत हँडलवरचं काळं बटण दाबून लॉक केलं की ऐकू येतो तो बहुतेक हाच. तिसरं म्हणजे बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगचा सायरन, आणि सोसायटीत खरा त्रास याचाच होतो, कारण हा चोर पळवायला बनवलेला असतो आणि लॉकची खूण म्हणून तोच वाजतो.

ओळखायची सोपी पद्धत सांगतो. तुमच्या किल्लीच्या जुडग्यात कंपनीची साधी चावी आणि त्यासोबत एक वेगळा काळा रिमोट लटकलेला असेल तर सिस्टीम बाहेरून बसवलेली आहे, शंकाच नको. जुन्या अल्टो, वॅगन आर, आय टेन, इंडिका, सँट्रो यांच्या बेस मॉडेलमध्ये हेच असायचं, कारण कंपनीकडून सेंट्रल लॉक मिळायचंच नाही आणि गाडी घेताना शोरूमवालाच अॅक्सेसरी म्हणून लावून द्यायचा. आता फ्लिप की (बटण दाबलं की पातं बाहेर येतं ती चावी) पण बाहेरून बसवून मिळते, त्यामुळे नुसत्या दिसण्यावर जाऊ नका, चावीवर कंपनीचा लोगो आहे का आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये तीच चावी दाखवलीये का ते बघा.

तरी कळलं नाही तर दुपारच्या वेळी घरातल्या एकाला बॉनेटजवळ उभं करा, तुम्ही चार पावलं लांबून लॉक-अनलॉक करा, त्याने कान देऊन सांगायचं की आवाज ग्रिलमागून येतोय, बॅटरीजवळून येतोय की मागून. बॉनेट उघडं ठेवून करायची घाई नको, काही गाड्यांत बॉनेट उघडं असेल तर सिक्युरिटी चालूच होत नाही आणि मग वेगळंच काहीतरी ऐकू येतं.

कोणता आवाज बंद करायचा नाही

लॉक केल्यावर एकदा आणि अनलॉकला दोनदा, हा झाला नेहमीचा प्रकार, तो बंद केला तरी चालतो. पण लांब 'पीईईप' किंवा सलग पिप पिप पिप आलं तर गाडी काहीतरी सांगतेय, एखादा दरवाजा किंवा डिकी नीट लागलेली नाही, किंवा स्मार्ट की (नुसती खिशात असली तरी गाडी उघडते ती किल्ली) आतच राहिलीये. आधी एकदा वाजायचं आणि आता अचानक जास्त वेळ वाजायला लागलं असेल तर सेटिंग शोधत बसू नका, पाचही दरवाजे उघडून परत लावा. दरवाजाच्या फ्रेममधलं स्विच खराब झालं तरी हे होतं, त्याची खूण म्हणजे दरवाजा लावूनही आतला दिवा चालू राहतो किंवा मीटरवर दरवाजा उघडा दाखवतो.

मध्यरात्री आपोआप लॉक झाल्याचा आवाज येतो अशीपण तक्रार असते. खिशात किंवा उशीखाली रिमोट दबून गाडी अनलॉक होते, कोणी दरवाजा उघडत नाही म्हणून साधारण अर्ध्या-एका मिनिटाने ती स्वतःच परत लॉक होते आणि वाजते. याचा इलाज एवढाच की किल्ली ठेवायची जागा बदला.

बाहेरून बसवलेला सायरन

आधी रिमोट हातात घ्या आणि चष्मा लावून बटणं बघा. साधारण चार बटणं असतात. लॉक, अनलॉक, आणि बाकीच्यांपैकी एकावर बहुतेकदा घंटेवर काट, स्पीकरवर काट किंवा संगीताची खूण असते. ते म्यूट बटण. काही रिमोटमध्ये तेच बटण दाबलं की गाडी गुपचूप लॉक होते, काहींमध्ये आधी ते दाबून लगेच लॉक दाबायचं, काहींमध्ये लॉक थोडा वेळ दाबून धरायचं. सिस्टीमच्या बॉक्ससोबत एक घडीचा कागद आलेला असतो, तो ग्लोव्ह बॉक्समध्ये विम्याच्या कागदांखाली सापडतो बऱ्याचदा, त्यात सायलेंट आर्मिंग (आवाज न करता अलार्म चालू करणं) नावाखाली हे दिलेलं असतं. कागद हरवला असेल तर रिमोटच्या मागे मॉडेल नंबर असतो, त्यावर शोधा. खुणा पुसल्या गेल्या असतील तर दिवसा एकेक बटण दाबून बघा, पण इंजिन बंद आणि सगळ्या काचा वर, आणि कार फाइंडरचं (पार्किंगमध्ये गाडी शोधायचं) बटण दाबलं गेलं तर गाडी मोठ्याने वाजेल याची तयारी ठेवून.

म्यूटने लॉक झाल्यावर एक टेस्ट करायलाच पाहिजे. काही सिस्टीममध्ये म्यूट म्हणजे फक्त लॉकचा टीव बंद, चोरीचा अलार्म चालू. काहींमध्ये सायलेंट लॉक केलं तर चोरी होताना पण सायरन गप्प राहतो, नुसते इंडिकेटर लागतात. तुमचं कुठलं ते असं बघायचं: ड्रायव्हरची काच खाली करा, किल्ली काढून बाहेर या, म्यूटने लॉक करा, मिनिटभर थांबा म्हणजे अलार्म पूर्ण आर्म होईल, मग हात आत घालून आतल्या हँडलने दरवाजा उघडा. बोंबललं तर उत्तम, रिमोटने बंद करा आणि निश्चिंत राहा. गप्प राहिलं तर घरच्या पार्किंगमध्ये वॉचमन आहे तिथे म्यूट वापरा आणि बाहेरगावी, रस्त्यावर गाडी लावताना साधं लॉक वापरा. मला विचाराल तर ही पद्धत सगळ्यात चांगली, दिवसा आवाज, रात्री म्यूट, काहीच तोडफोड नाही.

रिमोटमध्ये म्यूटच नसेल तर सायरनकडे जावं लागतं. इंजिन बंद, किल्ली काढलेली, इंजिन गार झालेलं, अशा अवस्थेत बॉनेट उघडा. सायरन म्हणजे मुठीएवढा काळा प्लास्टिकचा भोंगा, पुढे पसरट तोंड, मागे एक पट्टी आणि बोल्ट. बॅटरीच्या बाजूला, हेडलाइटच्या मागे किंवा काचेखालच्या पत्र्याला बसवलेला असतो. त्यातून साधारण दोन वायर निघतात, लाल आणि काळी. आता नीट बघा, सायरनच्या अंगावर छोटी गोल चावीची जागा आहे का? असेल तर आत स्वतःची बॅटरी आहे, अशा सायरनची वायर काढली की त्याला वाटतं चोराने काढली आणि तो बंदच होत नाही. तो आधी त्याच्या छोट्या चावीने ऑफ करायचा मगच हात लावायचा.

साधा सायरन असेल तर पुढे कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा जोड) आहे का बघा. कपलर असेल तर त्याची खिट्टी दाबून सरळ ओढून काढा, वायर धरून ओढू नका. कपलर नसेल, नुसत्या पिळून टेप मारलेल्या वायर असतील (आणि बहुतेक ठिकाणी तेच असतं), तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, घड्याळ आणि रेडिओ परत सेट करावा लागेल तेवढं चालवून घ्या. टेप सोडवा, लाल वायरचा जोड सोडवा आणि दोन्ही टोकांना वेगवेगळी इन्सुलेशन टेप चांगली चार-पाच वेढे मारा. दोन्ही एकत्र गुंडाळू नका. लॉक करताना या वायरमध्ये १२ व्होल्ट येतात, उघडं टोक बॉडीला टेकलं तर फ्यूज उडेल, आणि त्याच फ्यूजवर दुसरं काही असेल तर तेही बंद पडेल. मग वायर पट्टीने बांधून टाका, रेडिएटरच्या पंख्यापासून आणि गरम पाइपपासून लांब, आणि टोक खाली करून, म्हणजे पावसात पाणी ओघळून जोडात जाणार नाही. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर हे टोक खाली करायचं विसरू नका, हिरवा गंज धरायला एक पावसाळा पुरतो. कापायची मात्र अजिबात गरज नाही, उद्या गाडी विकताना किंवा विचार बदलला तर परत जोडता आलं पाहिजे.

याची किंमत एकच, सायरन काढला की चोरीचा अलार्मही मुका होतो. आणि तुमच्या विम्यात अँटी-थेफ्ट डिव्हाइसची सूट घेतलेली असेल, म्हणजे एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) मान्यता असलेल्या उपकरणासाठी ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये अशी ती असते, तर ते उपकरण चालू ठेवणं तुमचीच जबाबदारी आहे, क्लेमच्या वेळी वाद नको.

म्हणून ज्यांना अलार्म ठेवायचाय पण आवाज कमी करायचाय त्यांनी सायरन काढायच्या ऐवजी बोल्ट सैल करून त्याचं तोंड खाली जमिनीकडे फिरवा आणि भोंग्याच्या तोंडावर जाड फोम टेपचे एक-दोन थर लावा. आवाज बराच दबतो. वायरमध्ये रेझिस्टर (करंट कमी करणारा छोटा पार्ट) टाका असा सल्ला पण मिळेल, सायरनच्या बाबतीत तो ऐकू नका, सायरन बऱ्यापैकी करंट खेचतो आणि छोटा रेझिस्टर तापून वितळतो, बॉनेटखाली असली गोष्ट नकोच.

जाता जाता, मोठा ट्रक गेला किंवा गणपतीत ढोल वाजले की गाडी बोंबलते त्यांचा प्रॉब्लेम लॉकच्या आवाजाचा नाहीये, तो शॉक सेन्सरचा, म्हणजे धक्का ओळखणाऱ्या सेन्सरचा आहे. डॅशखाली छोटी डबी असते, तिच्यावर स्क्रूने फिरवायची सेन्सिटिव्हिटी असते, ती थोडी थोडी कमी करा आणि काचेवर तळहाताने थापटून बघा.

कंपनीचा बझर किंवा हॉर्न, स्क्रीनवरून

इथे काम सोपं आहे पण मेनूत नाव सापडत नाही म्हणून लोक सोडून देतात. गाडी उभी करा, इग्निशन ऑन, हँडब्रेक लावलेला, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी वर. गाडी चालू असताना बऱ्याच सेटिंग्ज फिक्या पडतात आणि निवडता येत नाहीत. मग आधी मीटरमधला छोटा डिस्प्ले बघा, स्टिअरिंगवरच्या बटणांनी सेटिंगमध्ये जा, तिथे नसेल तर मोठ्या टचस्क्रीनवर व्हेइकल सेटिंग्ज. 'डोअर', 'लॉक', 'कीलेस', 'कन्व्हिनियन्स' असा विभाग शोधा, आणि त्याच्या आत बझर, बीप, चाइम, आन्सर बॅक, फीडबॅक, अकूस्टिक यातला कुठला शब्द दिसतोय का ते बघा. ऑप्शन यातल्याच कुठल्यातरी नावाखाली असतो.

होंडाच्या कस्टमाइज मेनूत कीलेस अॅक्सेस बीप आणि त्याचा व्हॉल्यूम असे ऑप्शन असतात, आणि रिमोटच्या लॉकसाठी कीलेस लॉक आन्सर बॅक वेगळं असतं, त्यामुळे एक बंद करून दुसरा वाजत राहिला तर घाबरू नका. ह्युंदाई आणि कियाच्या, विशेषतः अमेरिकेतल्या गाड्यांत हॉर्न फीडबॅक या नावाने आहे. माझदात बीपचा व्हॉल्यूम कमी-जास्त किंवा बंद करता येतो. बीएमडब्ल्यूत डोअर किंवा की च्या सेटिंगमध्ये लॉक-अनलॉकचा अकूस्टिक सिग्नल, मर्सिडीजमध्ये अकूस्टिक लॉक. टेस्लात कंट्रोल्स, मग लॉक्स, मग लॉक कन्फर्मेशन साउंड ऑफ. मारुतीच्या ज्या व्हेरिएंटमध्ये मीटरवर सेटिंग मोड येतो तिथे डोअर लॉकचा विभाग उघडून बघा, बेस व्हेरिएंटला हा मोड नसतोच. टोयोटात बझरची पातळी बदलता येते, आणि त्यांच्या मॅन्युअलच्या मागे कस्टमाइज करता येणाऱ्या गोष्टींचा तक्ता असतो, कुठली गोष्ट तुम्ही स्वतः बदलू शकता आणि कुठली फक्त डीलर, हे त्यात कॉलम पाडून दिलेलं असतं. फार उपयोगी तक्ता आहे तो, लॉकच्या आवाजाशिवाय पण दहा गोष्टी सापडतील.

एक गोष्ट लक्षात ठेवा, काही गाड्यांत ही सेटिंग प्रत्येक किल्लीला किंवा प्रोफाइलला वेगळी सेव्ह होते. तुमच्या किल्लीने शांत आणि बायकोच्या किल्लीने पिप, असं झालं तर तिच्या किल्लीने गाडी चालू करून तीच सेटिंग परत करा.

अमेरिकेत न्यू जर्सी, बे एरिया वगैरेकडे जे आपले लोक अपार्टमेंटमध्ये राहतात त्यांच्यासाठी सगळ्यात सोपं: लॉक एकदाच दाबा. तिकडच्या बऱ्याच गाड्यांत पहिल्या दाबाला फक्त लाइट लागतात आणि दुसऱ्यांदा लॉक दाबलं की हॉर्न वाजतो, आपल्याला खात्रीसाठी दोनदा दाबायची सवय असते म्हणून तो वाजतो. तिकडच्या निसानच्या बऱ्याच मॉडेलमध्ये रिमोटवरचं लॉक आणि अनलॉक एकत्र किमान दोन सेकंद दाबून धरायचं, हॅझर्ड लाइट तीनदा लागले की हॉर्न बंद, परत तसंच केलं की एकदा लाइट आणि एकदा हॉर्न, म्हणजे चालू. शेव्हरोलेत रिमोट लॉक फीडबॅकमध्ये फक्त लाइट्स हा ऑप्शन निवडा.

मेनूत नसेल तर

सर्व्हिसिंगला गाडी देताना अॅडव्हायजरला सांगा की लॉकचा बझर बंद किंवा कमी करायचाय, आणि ते जॉब कार्डवर लिहून घ्या, नुसतं तोंडी सांगितलं तर ते विसरलं जातं. कंपनीचा स्कॅनर लावून बऱ्याच गाड्यांत हे बदलता येतं आणि दोन मिनिटांचं काम असतं. समोरचा माणूस 'होत नाही' म्हणाला तर मॅन्युअलमधलं पान दाखवा.

फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीवाले ओबीडीइलेव्हन किंवा व्हीसीडीएस, बीएमडब्ल्यूवाले बिमरकोड ही अॅप किंवा सॉफ्टवेअर वापरून घरीच कोडिंग (गाडीच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं) करतात. करायचं असेल तर आधीच्या व्हॅल्यूचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, बॅटरी अशक्त असताना करू नका, आणि वॉरंटीत गाडी असेल तर मी म्हणेन सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्या, एका पिपसाठी वॉरंटीचा वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही.

एवढं करूनही जमलं नाही तर बझरच्या छोट्या भोकावर फोम टेपचा तुकडा लावा. आवाज दबतो, पूर्ण जात नाही, आणि तेच बरं, कारण किल्ली आत राहिल्याची वॉर्निंग पण त्याच बझरमधून येते. बझरचा कपलर काढून टाकू नका. हॉर्नचा फ्यूज तर अजिबात काढू नका, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ११९ प्रमाणे गाडीला हॉर्न लागतोच, आणि कायदा बाजूला ठेवला तरी घाटात वळणावर हॉर्न नाही ही भयंकर गोष्ट आहे.

चावी दरवाजात फिरवून लॉक करणं हा बिनआवाजाचा मार्ग बरेच जण वापरतात. चालतं, पण बाहेरून बसवलेल्या सिस्टीममध्ये त्याने दरवाजे लागतात पण अलार्म आर्म होत नाही. आणि उलटं, रिमोटने लॉक केलेली गाडी चावीने उघडली तर सायरन वाजू शकतो, तो रात्री बारा वाजता नको.

आवाज गेल्यावर लॉक झालं हे कळणार कसं

इंडिकेटर बघायची सवय लावा. रिमोट दाबून पाठ फिरवून लिफ्टकडे चालत जाणं आता बंद, आधी गाडीकडे बघायचं, इंडिकेटर लागले का, आरसे मिटतात अशी गाडी असेल तर आरसे मिटले का, मगच निघायचं. हे महत्त्वाचं यासाठी की आपल्याकडचे बरेच रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर जॅमर लावून लॉकचा सिग्नल दाबायचा, मालक गेला की दरवाजा उघडायचा, ही चोरांची जुनी पद्धत आहे. मॉलच्या किंवा हायवेवरच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये इंडिकेटर लागले नाहीत तर जवळ जाऊन परत लॉक करा, हँडल ओढून बघा. पण स्मार्ट की खिशात असताना हँडल ओढलं तर काही गाड्या परत अनलॉक होतात. टोयोटासारख्या काहींमध्ये लॉक झाल्यावर ३ सेकंद ती उघडत नाही, हँडल तपासायला तेवढाच वेळ असतो. इतर गाड्यांत किल्ली घरच्या माणसाकडे देऊन त्याला दोन-तीन मीटर लांब उभं करा आणि मग ओढून बघा.

रिमोट दोनदा दाबल्याशिवाय इंडिकेटर लागत नसतील तर सेल उतरत आलाय. बऱ्याच रिमोटमध्ये ३ व्होल्टचा गोल सेल असतो, नंबर सेलवरच कोरलेला असतो, तोच नंबर घ्या.

आणि घरात गाडी वापरणाऱ्या सगळ्यांना आवाज बंद केल्याचं सांगा. आई-बाबांना वर्षानुवर्षं टीव ऐकून खात्री करायची सवय असते, आवाज आला नाही की ते परत परत बटण दाबतात आणि त्या नादात गाडी अनलॉक राहते. त्यांना एकदा खाली नेऊन दाखवा, लॉकला इंडिकेटर किती वेळा लागतो आणि अनलॉकला किती वेळा, दोन-चारदा त्यांच्याच हाताने करून घ्या. ड्रायव्हर ठेवला असेल तर त्यालाही.